अप्पांना विचारायचंय

हुबळीला जाणाऱ्या चिगरी बसमध्ये एकच सीट रिकामी होती आणि तीही नेमकी माझ्या शेजारची. धारवाडला चढलेला चेतन तिथेच येऊन बसला. जवळच्याच बेलूरच्या कारखान्यातून सुटलेला, शर्टाला मशीनच्या तेलाचा वास... आणि चेहरा असा साळसूद, की मला वाटलं, हाच तो. चुगली करणारा हाच!

सांगते. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आठ दिवस तत्तीवरून महाभारत चाललं होतं. तत्ती म्हणजे कन्नडमध्ये अंडं — हिंदीवाल्यांनी उगाच दात काढू नयेत. सरकारी शाळेत जेवणात अंडं द्यावं की नाही? मी शिकवते, प्रार्थनेला चक्कर येऊन पडणारी पोरं उचलते. मी लिहिलं, "द्यायलाच हवं. मी स्वतः पोरांच्या पंगतीत बसून खाते." चेतन विरुद्ध बाजूला. "न खाणारी पोरं वेगळी बसतील, पंगत फुटेल. सगळ्यांना केळं द्या." ग्रुपवर कडाकडा भांडायचा, आणि मग मला एकटीला विचारायचा, "जेवलीस का?" त्या दोन शब्दांची मी वाट बघायची. आवडायचा मला, काय करू!

परवा कुणीतरी माझ्या त्या मेसेजचा स्क्रीनशॉट अप्पांना धाडला. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान. घरात चातुर्मासात कांदासुद्धा चालत नाही. अप्पांनी तो मलाच पाठवला, वर एवढंच म्हणाले, "निवेदिता, नोकरी पुरे. रविवारी निपाणीचे पाहुणे तुला बघायला येतील."

हे चेतनचं काम असेल, तर मी निपाणीला हो म्हणून मोकळी होणार होते.

"शेंगा खाणार?" त्याने पुडी पुढे केली.

"चुगलखोराच्या हातचं मी खात नाही."

"अय्यो! मी काय केलं?"

"माझा स्क्रीनशॉट अप्पांना कुणी पाठवला?"

"मी? अगं, तुझ्या अप्पांसमोर माझी जीभ वळत नाही!"

"मग फोन दाखव."

"फोन बेड! फोन नको म्हटलं ना!"

त्याने फोन खिशात घातला, वर हात दाबून धरला. म्हणजे हाच होता तर...

"नको दाखवूस. रविवारी निपाणीचे येतायत बघायला. हो म्हणून टाकते."

त्याच्या तोंडातली शेंग तोंडातच राहिली. ती कशीबशी गिळून तो म्हणाला, "तो स्क्रीनशॉट आहे तुझ्याकडे? वर तुझं नाव काय दिसतंय ते बघ. ज्याने काढला, त्याने फोनात जे नाव ठेवलंय, तेच दिसतं."

मी बघितलं. 'निवी अक्का.' दोन दिवस मी नुसता मजकूर वाचून जळत होते, नाव वाचलंच नव्हतं! ग्रुपात मला अक्का म्हणणारा एकच — एका वर्षाने धाकटा माझा मावसभाऊ विशाल. मेला!

तरी माझा संशय फिटेना. "मग तू फोन का लपवलास? तत्तीबाई म्हणून ठेवलंस ना नाव?"

त्याने मान खाली घालून फोन माझ्या हातात दिला. ग्रुप उघडाच होता. आठ दिवसांचे माझे मेसेज एकाखाली एक, आणि प्रत्येकावर माझं नाव होतं — 'अप्पांना विचारायचंय'.

"हे... कुणाच्या अप्पांना?"

"तुझ्या." तो खिडकीबाहेर बघत होता. "दोन वर्षं झाली. तू भांडायला आलीस की रोज हेच समोर येतं, आणि रोज धीर सुटतो."

"मुंदिन निल्दाण, विद्यानगर," बसने पुढचा थांबा पुकारला. माझे कान तापले होते. मी त्याच्या फोनात नाव बदललं आणि परत दिला.

त्याने वाचलं. "अप्पांना शनिवारी विचारायचंय... शनिवारी? म्हणजे परवाच?"

"रविवारी पाहुणे आहेत ना! आणि आधीच सांगते, मी शाळा सोडणार नाही. पंगतीत बसून अंडंही खाणार."

"खा की," तो म्हणाला. "फक्त आधी माझ्याशी भांडून घे."

मी त्याच्या पुडीतल्या मूठभर शेंगा घेतल्या.