राउटर, रांग आणि शेवटचं ‘नाही’

राउटर टॉवेलात गुंडाळून मी दुकानात शिरले, तेव्हा काउंटरमागच्या माणसाने मान वर केली आणि तो म्हणाला, “रा…”

“राउटर,” मी म्हणाले. “सारखं नेट जातंय. बघता का जरा?”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने शांतपणे बोट दाखवलं. “रां… रांग तिकडून आहे.”

मागे पाच जण उभे होते. त्यातल्या एका काकांनी असा घसा खाकरला, की मी मुकाट्याने शेवटी जाऊन उभी राहिले. लाजेने मान खाली घालता घालता मला दिसलं — तो हसत होता. ओठांनी नाही, नुसत्या डोळ्यांनी.

दुसऱ्याचं वाक्य पुरं करणं हा माझा स्वभाव आणि पोटापाण्याचा उद्योगही. सभांमध्ये जे बोललं जातं ते मी घरबसल्या ऐकते आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी तिथल्या पडद्यावर लगोलग टाइप करते. बोलणाऱ्याच्या अर्धा शब्द पुढे धावलं नाही, तर मागे पडायला होतं. आई म्हणते, “तुझ्याशी बोलताना मला तोंड उघडावं लागत नाही. श्वास घेतला की पुरे.” पण मागच्या आठवड्यात एका सभेत “वाचनालय आम्ही बंद करणार” इथे नेट गेलं, आणि परत येताच मी अंदाजाने पूर्णविराम देऊन टाकला. गेलेला शब्द होता ‘नाही’. रोज त्या वाचनालयात जाणाऱ्या एक आजी पडद्याकडे बघून रडायला लागल्या. कंपनीने मला एक शेवटची संधी दिली होती. उद्या दुपारी तीन वाजता चाचणी. चुकलं, तर काम गेलं.

माझा नंबर आल्यावर हे सगळं मी त्याला एका दमात सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मला इतकं पूर्ण ऐकून घेणारं माणूस फार दिवसांनी भेटलं होतं.

“फर्मवेअर जुनं झालंय,” तो म्हणाला. “म्हणजे राउटरचं… डोकं म्हणा. ते नवं घालायचं. ती… तीन पद्धती आहेत.” त्याचा पहिला शब्द अडायचा, मग पुढचे सुरळीत यायचे. “पहिली, राउटरवर सोडून द्यायचं. तो आपोआप करतो, पण त्याच्या लहरीने. तुमची सभा चालू असतानाच करायला घेईल.”

“माझ्यासारखाच आगाऊ आहे म्हणायचा.”

पुन्हा ते डोळ्यांचं हसू. “दु… दुसरी. लॅपटॉप वायरने जोडायचा, सेटिंगच्या पानावर जायचं, ‘अपडेट शोधा’ दाबायचं. योग्य फाइल तो स्वतःच आणतो. तिसरी, फाइल आपण शोधून घालायची. ती नव्या माणसाने क… करू…”

“करून बघावी. चालेल,” मी म्हणाले. त्याने पुढे केलेली वायर घेतली, राउटर बगलेत मारला आणि सुटले. तो दारापर्यंत मागे आला, काहीतरी म्हणत होता. पण मला घाई होती.

संध्याकाळी मी फाइल शोधली, घातली. राउटरवर एक लाल दिवा लागला आणि तो काही केल्या जाईना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी दारात हजर. त्याने आधी लाल दिवा पाहिला, मग माझा चेहरा.

“करू नये, म्हणत होतात ना?”

“हो.” ‘तरी मी सांगत होतो’ वगैरे काही नाही. राउटर उलटा करून त्याने खालची चिठ्ठी दाखवली. “मॉडेल बरोबर आहे. त्याच्यापुढचा हा बारीक आकडा चुकला. दु… दुसऱ्याचं डोकं याला बसवलंत.”

“माझं काम जाणार,” मी म्हणाले.

“न… नाही जाणार.”

टाचणीने त्याने मागचं छोटं भोक दाबून धरलं, वायर लावली, बरंच काही केलं. लाल दिवा जाऊन हिरवा आला. मग त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “आता दुसरी पद्धत. तुम्हीच करा.”

मी बटण दाबलं. पट्टी सरकू लागली. दहा, तीस, बासष्ट… आणि बासष्टवर अडली. एक मिनिट गेलं. दोन गेली. माझा हात आपसूक स्विचकडे वळला.

त्याने माझ्या हातावर हात ठेवला, हलकेच. “मध्येच बंद करायचं नाही. थांबलंय असं वाटतं, पण आ… आत चालू असतं.”

तो राउटरबद्दलच बोलत होता ना? मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. आजवर लोकांनी याची किती वाक्यं अशी बासष्टवर तोडली असतील, हे मला तेव्हा कुठे उमगलं. त्यातली दोन तर मीच. मला स्वतःची फार लाज वाटली. पट्टी त्रेसष्टवर गेली, तरी आमचे हात तिथेच होते.

तीन वाजता चाचणी सुरू झाली. नेट एकदाही गेलं नाही. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, “हा दवाखाना आम्ही हलवणार…” आणि पाणी प्यायल्या. माझं बोट पूर्णविरामावर होतं. मी ते आवरून धरलं. “…नाही,” बाई म्हणाल्या. माझं काम वाचलं.

वायर परत करायला मी लगेच दुकानात गेले. तिथे कुणीच नव्हतं, तरी मी रांगेच्या बाजूनेच आले.

“जमलं?” त्याने विचारलं.

“तुमच्यामुळे.”

त्याने वायर गुंडाळली. उलगडली. पुन्हा गुंडाळली.

“राउटर नीट झाला,” तो म्हणाला. “म्हणजे आता तुम्ही इथे येणार नाही. हे म… मला…”

मी ओठ घट्ट मिटले.

“मला आवडणार…”

तो अडला. वाक्य इथेच संपलं तर? आयुष्यात मी कधी कुठल्या शब्दाची इतकी वाट पाहिली नव्हती. पण पाहिली.

“…नाही,” तो म्हणाला.

मला उत्तर द्यायचं होतं. शब्दांवर पोट भरणारी मी, पण माझी गाडी पहिल्याच अक्षराला अडली. “म… मी…” त्याने मदत केली नाही. काउंटरवर कोपरं टेकून, डोळ्यांनी हसत, तो नुसता थांबून राहिला.

“मी रोज येईन,” मी म्हणाले. “रांगेत उभी राहीन.”