अंतरपूरक

पडद्यावरची मंजिरी गावंडे अकरा मिनिटं सलग बोलली. आकडेवारी मांडली, एका शंकेला उत्तर दिलं, मध्येच कपाळावरची बट मागे सारली आणि नेहमीसारखी जरा खाकरून म्हणाली, "हे मी लेखी पाठवते." खरी मंजिरी त्या वेळी कोकणातल्या पारवणे गावच्या वाळूवर, घरमालकीण सुलोचनाकाकी मयेकरांच्या शेजारी उभी राहून बांगडे निवडत होती.

"आता सांग," पडवीतल्या टेबलाशी बसत ती म्हणाली, "यात मी कुठपर्यंत आहे आणि पूरक कुठून सुरू होतो?"

पुण्याच्या प्रयोगशाळेत बसलेल्या सुहृद देवस्थळीने त्या बैठकीचं चित्रमुद्रण तिसऱ्यांदा पाहिलं. अंतरपूरकाची मूळ कल्पना याचीच, आणि मंजिरी गेली सहा वर्षं त्याचा उजवा हात. "चौथ्या मिनिटापासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या वाक्यापासून. मी त्या बैठकीला नव्हतेच!"

सुहृद काही हसला नाही. मंजिरीचा जरा हिरमोड झाला.

अंतरपूरक म्हणजे काय ते इथेच सांगून टाकलेलं बरं. घरून, डोंगरावरून, समुद्रकाठावरून काम करणाऱ्यांचं एकच दुखणं असतं, ऐन बोलण्यात दुवा तुटतो. चेहरा गोठतो, आवाज जातो आणि पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत बसतो. अंतरपूरक दोन वर्षं तुमची सगळी संभाषणं ऐकतो आणि त्यातून तुमचं वाक्‌-प्रतिमान, म्हणजे तुमच्या बोलण्याचा साचा, तयार करतो. मग दुवा तुटला की त्या रिकाम्या जागेत तुमचा चेहरा, तुमचा आवाज आणि तुम्ही बहुधा जे बोलला असता ते वाक्य भरून टाकतो. हे सगळं कंपनीच्या केंद्रातल्या संगणकावर होतं, त्यामुळे तुमच्याकडे वीज असो वा नसो. दुवा परत आला की सांधा असा बेमालूम जुळतो की पलीकडच्याला पत्ताही लागत नाही. फक्त एक अट सुहृदने पहिल्या दिवसापासून घातली होती. चाळीस सेकंद झाले की पूरकाने गप्प बसायचं आणि संपर्क तुटल्याचं सांगून टाकायचं.

मंजिरीने आपल्या खात्यावरून ती अट काढून टाकली होती. आता दुवा नसला तरी अख्खी बैठक किंवा फोन पूरक एकटाच निभावू शकत होता.

"चाळीसच का ठेवले होते मी, ठाऊक आहे?" सुहृदने विचारलं.

"तेव्हा प्रतिमान कच्चं होतं म्हणून."

"नाही. चाळीस सेकंदांत माणूस सहसा काही नवं ठरवत नाही म्हणून. अगं, पूरक तुझ्यासारखं बोलतो म्हणजे करतो काय? अशा प्रश्नाला तू आजवर शंभर वेळा काय म्हणालीस ते बघतो आणि एकशे एकाव्या वेळी तेच म्हणतो. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं, कारण आपण सगळेच स्वतःची री ओढत असतो. पण एखाद्या दिवशी माणूस मन बदलतो. ते पूरकाला कळणार कसं? आधी तू ते त्याच्यासमोर बोलायला हवंस."

"माणसं मन बदलतात तरी किती वेळा, सुहृद?"

"क्वचित. म्हणून तर हे यंत्र इतकं खरं वाटतं. मर्यादा परत घाल, मंजिरी."

"घालते रे," ती म्हणाली. आणि घातली नाही.

तिच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. कुठेही राहा, पण दुवा तुटता कामा नये, हा कंपनीचा नियम. तीनदा तुटला की पुण्याच्या कार्यालयात येऊन बसायचं. आणि पारवण्याचा दुवा म्हणजे टेकडीवरचा एकुलता एक मनोरा. वारा सुटला की तोही सुटला. पुण्यातल्या सोळाव्या मजल्यावर मंजिरीने आयुष्याची चार वर्षं घालवली होती. इथे सकाळी डोळे उघडले की समोर समुद्र, आणि पडवीत काकी विचारायच्या, "काय गो, चाय पितंस मां?" हे सोडून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

रोज सकाळी आठला अकोल्याहून बाबांचा फोन यायचा. पुंडलिकराव गावंडे, टेलिफोन खात्यातले निवृत्त लाईनमन. बायको गेल्यापासून एकटे राहत होते. हातात चित्रफोन आला, तरी त्यांचा पहिला प्रश्न जुनाच, "लाईन साफ हाये न माय?"

लाईन साफ आहे की नाही हे तपासायची त्यांच्या खात्यातली एक रीत होती. खांबावर चढलेल्या माणसाने दुसऱ्या टोकाला सांगायचं, एक ते दहा म्हण. सगळे आकडे सलग ऐकू आले की लाईन साफ. मंजू पाच वर्षांची असताना बाबांनी तिला एक्स्चेंजमध्ये फोनपाशी बसवलं होतं. तिने मोठ्या ऐटीत आकडे म्हटले आणि सहानंतर थेट आठ म्हणाली. बाबा खांबावर इतके हसले की पट्टा होता म्हणून वाचले. तेव्हापासून मंजू मुद्दाम सात गाळायची. वसतिगृहातून फोन केला तरी आधी आकडे व्हायचे, आणि सात गळला की बाबा म्हणायचे, "लाईन साफ, पोरगी माहीच!" चित्रफोन आल्यावर ते बंद पडलं. समोर चेहरा दिसत असताना मोजायचं कशाला? गेल्या दोन-अडीच वर्षांत बापलेकींनी एकदाही आकडे म्हटले नव्हते.

उरला होता तो रोजचा दुसरा प्रश्न.

"मंजू, येतं का वो इकडं?"

"पुढच्या आठवड्यात नक्की, बाबा. या आठवड्यात जरा गडबड आहे."

दोन वर्षं झाली, तो आठवडा काही उगवला नव्हता. आणि आता दिवाळी झाल्यावर बाबांनी सहज सांगावं तसं सांगितलं, "डॉक्टर म्हन्ते हृदयाची एक नळी बुजली. भरती व्हा म्हन्ते. म्या म्हनलं, पोरगी येऊ दे, मंग होतो. एकट्यानं काय जाऊन पडू तिथं?"

"बाबा, तुम्ही आधी भरती व्हा, मी येतेच!"

"तू ये, मंग होतो. अडून बसलो म्हन पाह्यजे तर."

"पुढच्या आठवड्यात नक्की," मंजिरी म्हणाली. तेव्हाही तिला ते अगदी मनापासून वाटत होतं. तिला ते दर वेळी मनापासूनच वाटायचं, हीच तर पंचाईत होती.

सोमवारी वादळ आलं. दुपारी टेकडीवरचा मनोरा आडवा झाला, खाडीपुलावर झाडं पडली आणि पारवण्याचा जगाशी संबंध तुटला. गाव चिंतेत होतं. मंजिरी मात्र, खोटं कशाला सांगा, पहिले दोन दिवस मजेत होती. बैठका चालू असणार, ती हसत असणार, "लेखी पाठवते" म्हणत असणार. काकींच्या माडीवर बसून तिने नारळ खवले, गोष्टी ऐकल्या.

"बापसाक कळयलंस काय गो?" काकींनी विचारलं. "तेका घोर लागलो आसतलो."

"त्यांना कळणारच नाही, काकी. रोज आठला माझं यंत्र त्यांच्याशी बोलतंय. माझाच चेहरा, माझाच आवाज."

काकी खवणीवर हात थांबवून तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचा मुलगा मस्कतला होता, सहा वर्षं घरी आला नव्हता. "आणि ता यंत्र काय सांगता, ता तुका कोण सांगता?" त्या म्हणाल्या.

मंजिरी हसली, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. पूरक बाबांना काय सांगत असेल? तिला विचार करावाच लागला नाही. येतं का, असं बाबा विचारणार, आणि पुढे काय येणार ते पाठ होतं. आपलंच वाक्य असं बाहेरून, दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं झालं आणि तिला स्वतःची शरम वाटली. बुधवारी सकाळी तिने बॅग भरली. रस्ता मोकळा झाला की पहिल्या गाडीने अकोला. बाबांना भरती करायचं, ते बरे होईपर्यंत तिथेच राहायचं, कंपनी गेली खड्ड्यात. हे तिने काकींना सांगितलं, मोठ्याने, दोनदा सांगितलं. काकींनी तिच्या बॅगेत कोकमाच्या सोलांची पुडी आणि बाबांसाठी खाजं घातलं.

ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. ते ज्याने ऐकायला हवं होतं, तो पूरक पुण्यात तिच्या जुन्या उत्तरांवर काम चालवत होता.

गुरुवारी अकराच्या सुमारास मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून जीप निघाली आणि कणकवलीजवळ फोनला जाग आली. शेजारच्या कमलताई ताथोडांचे एकोणीस निरोप होते. कमलताईंशी मंजिरी वर्षातून एकदा बोलायची. तेवढ्या बोलण्यातून प्रतिमान होत नसल्यामुळे पूरकाने ते फोन घेतले नव्हते. त्यांना नुसतंच "संपर्क होऊ शकत नाही" असं ऐकू आलं होतं.

बाबा बुधवारी दुपारी गेले होते. गुरुवारी सकाळपर्यंत वाट पाहून पुतण्याने अग्नी दिला होता.

अकोल्याच्या घरात शिरल्यावर कमलताईंनी आधी पाणी दिलं, मग बोलल्या. बोलायचा त्यांना हक्कच होता. "बुधवारी सकाळी सातलाच डॉक्टर सोता घरी येऊन सांगून गेलते. आजच चला म्हने, उद्याचा भरोसा नाई. म्या रिक्षा बलावली. तर तुहे बाबा म्हन्ते, काही घाई नाई, आताच मंजूशी बोलनं झालं. ते पुढच्या आठवड्यात येते, तवा जाऊ. म्या लय भांडली वो. ऐकतेत का ते? पोरीनं सांगतलं म्हन्जे सांगतलं."

मंजिरी बाबांच्या खुर्चीत बसली. तिने सुहृदला फोन लावला.

"बुधवारची आठची नोंद पाठव."

"मंजिरी, नको ऐकूस." तो म्हणाला, "मी ऐकलीय. पूरकाने एकही शब्द असा वापरला नाही, जो तू वापरला नसतास. मी तपासलं."

"मला यायचं होतं. मी बॅग भरली होती, सुहृद! त्याच सकाळी."

"हो. ते त्याला कुठून कळणार होतं?"

"बाबांना कळलं का? ते मी नव्हते, हे?" तिचा आवाज फाटला. "एवढंच सांग. त्यांना संशय आला असेल तर निदान… निदान त्यांच्या लेखी मी नाही म्हटलं नाही, असं तरी होईल."

सुहृदने नोंद पाठवली.

पडद्यावर बाबा आले. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. मागे पंख्याखाली दिनदर्शिका फडफडत होती. समोरच्या चौकोनात ती स्वतः होती, पडवीत बसलेली, मागे निळा शांत समुद्र.

"लाईन साफ हाये न माय?"

"एकदम साफ, बाबा."

"बातम्यांत दाखवून राह्यले, तिकडं वादळ हाये म्हने. खांब पडले म्हने."

"हो का? इथे काही नाही हो. तुम्ही काळजी करू नका."

बाबा पडद्याच्या जवळ आले. लाईनमनने जोड तपासावा तसं त्यांनी समुद्राकडे, मग तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खांब पडल्यावर लाईन एवढी साफ असते का, हे चौतीस वर्षं खांब उभे करणाऱ्या माणसाला कोणी सांगायला नको होतं.

"मंजू, एक ते दहा म्हन बरं."

पडद्यावरची मंजिरी हसली. "बाबा, आता हे काय मध्येच! बरं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा."

बाबांचा चेहरा उतरला. खुर्चीतल्या मंजिरीने तोंडावर हात दाबला. त्यांना कळलं होतं! ती मनातल्या मनात ओरडत होती, ठेवा बाबा, फोन ठेवा, कमलताईंना हाक मारा, जा त्यांच्याबरोबर.

"कोन बोलून राह्यलं?" बाबांनी हळूच विचारलं.

"मीच, बाबा. मंजू. असं काय करता?"

बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. नोंदीवर अकरा सेकंद दिसत होते. मग त्यांनी छातीवरून हात फिरवला आणि विचारलं, "डॉक्टर आजच भरती व्हा म्हन्ते. येतं का वो?"

पडद्यावरच्या मंजिरीने कपाळावरची बट मागे सारली.

"बाबा, या आठवड्यात जरा गडबड आहे हो. पुढच्या आठवड्यात नक्की."

बाबांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरचा ताण गेला आणि ते चक्क हसले.

"हाव, मंग तूच हायेस माय," ते म्हणाले. "माह्याच मनात उगाच काहीबाही आलं."