चर्चमधलं पेव

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यानं पुढं वाचू नये. आकाराम माझ्या आईचा मामा, आणि खोटं रचण्याइतका तो हुशार नव्हता.

साल १९४९. चैत्रातली भर दुपार. सांगलीबाहेर कृष्णेच्या काठाला परदेशातनं आलेल्या गोऱ्या कुटुंबांनी बांधलेलं जुनं चर्च होतं. जिवंत होते ते मायदेशी गेले. मेलेले मागच्या आवारातच राहिले. लालासाहेब अडत्यानं इमारत घेतली, बाक फोडून त्यांच्या जाळावर हळद शिजवली, आणि ती साठवायला आतली फरशी उचकटून पेव खणलं. तोंड माणूस उतरेल एवढं, खाली बारा हात खोल पोट.

पेव भरणारा आकाराम.

त्याचा भाऊ अर्जुना असल्याच पेवात गुदमरून मेला होता. तो आत झाडत होता आणि वरच्यांनी न बघताच तोंड बुजवलं. तिथल्या मालकानं नशिबावर ढकललं, मोकळा झाला. तेव्हापासून आकाराम झाकण बसवण्याआधी तीनदा हाक मारायचा. घरी हाक मारायला कुणी उरलंच नव्हतं.

पेव काठोकाठ भरलं. चारी गडी वर होते.

आकाराम वाकला.

"खाली कोन हाय रं?"

काही नाही.

"कोन हाय?"

काही नाही.

तिसऱ्या हाकेला हळदीच्या खालनं ओ आली...

बारीक. दमलेली.

गडी दाराकडं सरकले.

"छत उंच हाय, घुमलं आसंल," लालासाहेब म्हणाला. "झाक."

"मालक, भरल्या पेवात आवाज घुमत न्हाई."

"मग हळदीला वाचा फुटली व्हय? झाक म्हनतो न्हवं."

"उपसतो."

"उपसलंस तर सांगलीत तुला कुनी पेवाला हात लावू देनार न्हाई."

आकारामनं पाटी उचलली.

तीन दिवस. एकट्यानं. आत येऊन त्याला अडवायची छाती मालकालाही झाली नाही.

शेवटी आतली हवा बघायला कंदील सोडला. जळत राहिला. आकाराम पार खाली उतरला.

तळ रिकामा.

फक्त भिंतीला एक जागा उबदार लागली... कुणीतरी पाठ टेकून बसलेलं आत्ताच उठून गेल्यासारखी.

मालकानं शब्द पाळला. दुसऱ्या गड्यांनी पेव भरलं, हाक न मारता बुजवलं. आकारामला पुन्हा काम मिळालं नाही. रोज दुपारी तो त्या झाकणाशी जाऊन बसायचा.

"आवं दादा," शेजारची लीलाबाई म्हणायची, "एकदा हाक मारून बघा की."

"ओ आली तर आता उपसू कसा? आनि न्हाई आली तर..."



त्याच्या माघारी मी एकदा तिथं गेलो. हाक तोंडापर्यंत आली.

गिळली.