जनीचा आवाज

त्या दिवशी मी मीठ आणायला निघाले होते. एकावन्न सालचा वैशाख. पनवेलच्या बाजारातून आणलेल्या कैऱ्या लोणच्यासाठी फोडून ठेवल्या होत्या, आणि आम्हा गव्हाण गावच्या लोकांना मिठागर दाराशीच.

मिठाच्या राशी उन्हात अशा तळपत होत्या, की डोळे उघडवत नव्हते. खाडीचा कुबट वास, वारा पडलेला. मीठ साठवायच्या कोठीमागे कुणीतरी कण्हत होतं. जाऊन बघते तर आमची शेजारीण, जनी. ओठ फुटलेला, चोळी फाटलेली, खरचटलेल्या अंगात मीठ भरलेलं.

"काशिराम मुकादम..." ती म्हणाली. "लई वरडले गो, रंभा..."

मी तिला धरून घरी नेलं. तिचा नवरा मुंबईला गोदीत. सासू ठमाबाईंनी दार लावलं, तिच्या अंगावर हंडाभर पाणी ओतलं. मी म्हणाले, "फौजदाराला सांगूया." त्या माझ्याकडे वळल्यासुद्धा नाहीत.

"झालं ते गिल," त्या जनीला म्हणाल्या. "तोंड उघडलंस तर गावात आपल्याला कोन पानी देनार नाय."

जनीनं गिळलं. त्यानंतर ती बोललीच नाही. लोक म्हणाले, बाहेरचं लागलंय. पाणवठ्यावर बाया हंडे बाजूला ओढून घ्यायच्या. काशिराम मात्र मिशीवर ताव देत मिठागरावर जायचा.

ज्येष्ठात आमच्या आळीत हळद होती. ठमाबाई धवलारीण, लग्नाची गाणी त्यांनीच म्हणायची. मांडव माणसांनी भरलेला. काशिराम पुढेच बसलेला, कपाळाला हळद. ठमाबाईंनी डोळे मिटले, तोंड उघडलं...

"सोर मना, काशिराम! सोर..."

आवाज जनीचा होता. आणि जनी माझ्या शेजारी बसली होती, ओठ घट्ट मिटून.

ठमाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. बोटांमधून आवाज येतच राहिला. कोठीमागे काय झालं, कसं झालं, सगळं. शेवटी ती किंकाळी.

काशिराम उठला. "चेटकीन हाय ही!" म्हणत त्यानं जनीला केसांनी धरून मांडवाच्या खांबावर आपटलं आणि तिचा गळा आवळला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, तरी सोडेना. मग तो आपणच खोकला. हात सुटले. तोंडातून मिठाचे खडे पडू लागले, आधी पांढरे, मग लाल. घशात बोटं घालून तो उपसत राहिला, आतून येतच राहिलं. दात तुटले, गाल आतून फाटले. अंगणभर तडफडला आणि जबडा उघडा टाकून निपचित पडला.

कुणी पुढे होईना. जनी गळा चोळत उभी राहिली.

तेवढ्यात त्या उघड्या तोंडातून हाक आली. तरण्या पोरीची, रडवेली.

"ठमे... ठमे गो, दार उघर..."

ठमाबाई धावल्या, गुडघ्यावर बसून प्रेताचा जबडा मिटू लागल्या. जनीनं त्यांचे हात धरले. महिन्याभरात पहिल्यांदाच ती बोलली, घोगरं, पण स्वतःच्या आवाजात.

"आत्या, बोलू दे तिला."

"कोण आहे ती?" मी विचारलं.

ठमाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "माजी भैन..." त्या कशाबशा म्हणाल्या. "माज्या लग्नाआदी असंच झालं व्हतं तिचं. आमी घरात घेतली नाय... खारीच्या पान्यात जीव दिला तिनं."

काशिराम तेव्हा जन्मालाही आला नव्हता.