चित्राखालची वाटी

हे खरं घडलंय. रचून लिहायला मला येत नाही. अक्षरंच साठीनंतर शिकलो.

ही गोष्ट याच हिवाळ्यातली. आयर्लंडमधल्या ॲडम्सटाउनची. मुलाच्या घरची. इथं डिसेंबरात चारलाच दिवे लावावे लागतात.

निमिषने लिलावातून एक जपानी चित्र आणलं. लाकडी ठशांनी छापलेलं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. जपानने चीनवर मिळवलेला विजय. बर्फ, धूर आणि काळ्या गणवेशातले ताठ शिपाई.

"बाबा, तुम्हीपण लढाई जिंकलेले. हे तुमच्या खोलीत. ग्रँड दिसेल!"

सून रेवती हसली. "यातले तुम्ही कोणते, बाबा?"

मी झेंड्याजवळच्या शिपायावर बोट ठेवलं.

मग नजर खाली गेली...

कडेला एक चिनी शिपाई पडला होता. तोंड उघडं. हात पुढे.

एकाहत्तरच्या लढाईत असाच एक जण माझ्यासमोर पडला होता. शत्रूचा. पाणी मागत होता. माझी बाटली भरलेली होती.

मी त्याला ओलांडून पुढे गेलो.

त्या दिवशी आम्ही जिंकलो. बाकीचं मी घरात कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेलेली. चार वाजता खोलीत आवाज आला...

कोरड्या घशाचा.

नळ पाहिला. बंद. हीटर पाहिला. बंद.

आवाज चित्रातून येत होता.

भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात, तसं समजून मी चित्राखाली वाटीभर पाणी ठेवलं.

सकाळी वाटी काठोकाठ. आवाज तसाच...

आठ दिवस हेच.

रविवारी रेवतीने वाटी पाहिली. "अहो बाबा, धूळ पडलीय यात! ठेवायचं तर ताजं ठेवा की."

तिने पाणी बदललं. आम्ही खाली चहा घेतला. वर आलो तर...

वाटी कोरडी.

आवाज बंद.

रेवतीने वाटी उलटी करून पाहिली. "तुम्ही प्यालात?"

"हो," मी म्हणालो.

मी तर तिच्यासोबत खाली होतो.

सोमवारी वाटी मी भरली. आवाज पुन्हा सुरू.

तेव्हा कळलं. त्याला पाणी हवंय. माझ्या हातचं नको.

परवा माझं परतीचं विमान आहे. रोज वाटी भर, असं रेवतीला सांगायचं, तर का तेही सांगावं लागेल. सकाळपासून दोनदा तिला हाक मारली. दोनदा म्हणालो, "काही नाही गं."

आता चार वाजलेत.

वाटी काठोकाठ आहे.