लाल दोऱ्याच्या तीन फुल्या

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. झालं तसं लिहितो. खोटं लिहायला हात चालता असावा लागतो. मी अक्षरं गिरवायला बसलो तेव्हा माझं वय एकोणसाठ होतं.

मी लोटन. जळगावात गाड्यांच्या कुशनचं काम करतो.

दोन हजार तेवीसचा मे महिना. बुधवार. दुपारचा एक. धुळ्याहून जळगावला येताना, पारोळ्याच्या अलीकडे.

रात्र नव्हती. डोळे दिपतील असं ऊन होतं. म्हणूनच ते अजून डोक्यातून जात नाही.

आधी दोन गोष्टी सांगतो.

पहिली. मला सही येत नव्हती तेव्हा शिवलेल्या प्रत्येक कामावर, आतल्या बाजूने, मी लाल दोऱ्याच्या तीन फुल्या घालायचो. तीच माझी सही.

दुसरी. माझे उस्ताद एक गोष्ट नेहमी सांगायचे. "गाडीतला कापलेला बेल्ट शिवू नको. तो कापला तेव्हा आत माणूस होतं."

माझी मुलगी पुनम धुळ्याला दिली आहे. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस गेले. सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, धक्का लागू देऊ नका.

माझी गाडी वीस वर्षं जुनी. मी ती आतून नवी करायला घेतली. नवा फोम, नवं रेक्झिन, छताचं कापड, दारांच्या आतल्या पाट्या. मागचे दोन्ही बेल्ट उंदरांनी कुरतडले होते. ते बदलायला धुळ्याच्या भंगारवाल्या नासीरकडे गेलो.

"नाना, हा घ्या," नासीर म्हणाला. "गाडी गेली, पण बेल्ट नाही गेला."

"कुणाची गाडी?"

"भंगारात आली की माझी. तुम्हाला बेल्ट पाहिजे की सोयरीक?"

मी हसलो. बेल्ट घेतले.

एका बेल्टच्या खालच्या टोकाला, नटाच्या जरा वर, काळ्या प्लास्टिकची टोपी होती. ती काढून आत बघायला हवं होतं. घाई होती. नाही बघितलं.

तो बेल्ट मी डाव्या बाजूला बसवला.

बेल्ट सोडला की चक्री तो आत ओढून घेते. हा आत जाईना. मधेच थांबायचा. वीतभर फुगलेला...

जणू कुणाच्या तरी पोटावरून गेला आहे.

मी चक्रीत तेल सोडलं. बेल्ट सरळ केला. जेवायला गेलो.

परत आलो तर भागाबाई, माझी बायको, गाडीजवळ उभी होती.

"हाऊ बेल्ट कोणासाठे लाई ठेया?" तिने विचारलं. "आत तर कोणीच नही."

बेल्ट रिकाम्या सीटवर लावलेला होता. बक्कल बंद. मधे तोच फुगवटा.

मी लावला नव्हता.

आणि गाडीत वास येत होता. नव्या रेक्झिनचा नाही... कापलेल्या कांद्याचा.

"तूच कांदा खाऊन आलीस," मी म्हणालो.

"मी सकायपासून उपाशी शे," ती म्हणाली. "चतुर्थी शे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी कारागीर. मला वाटलं, स्प्रिंग खराब आहे.

दोन दिवसांनी आम्ही धुळ्याला गेलो. जावई कामावर होते. पुनमला घेतलं आणि निघालो. मायलेकी मागे बसल्या. पुनम डावीकडे. तिचा बेल्ट मीच लावला. पोटाच्या खालून, जपून.

रस्ता रिकामा होता. गप्पा चालल्या होत्या.

मग वास आला.

कांदा...

"आबा, हाऊ बेल्ट माले आवळी राहिना," पुनम पट्टा ओढून सैल करत म्हणाली.

"दोन जीव शेतस," भागाबाई हसली. "घट्ट तर व्हईच."

टिक.

चक्रीचा आवाज. मी आरशात बघितलं.

टिक... टिक...

"आबा!"

बेल्ट एकेक दात आत जात होता. वरचा पट्टा तिच्या गळ्यावर चढला होता. खालचा पोटात रुतत होता.

मी गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडलं. बक्कल दाबलं. उघडेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. नख उलटलं, पण बक्कल उघडलं नाही.

टिक.

पुनमच्या खांद्याचं हाड मोडलं. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तिला ओरडता येईना. नाकातून रक्त आलं. डोळे लाल झाले.

भागाबाईने बेल्ट दातात धरला आणि कुत्रीसारखी ओढायला लागली. तिचा पुढचा दात तुटून पुनमच्या मांडीवर पडला.

मी कटर आणला. गळ्याजवळ बेल्टखाली डाव्या हाताची दोन बोटं घातली आणि वरून कापायला लागलो. नवं पातं होतं. चामडं लोण्यासारखं कापतं. पण बेल्टवरून ते घसरत होतं. काचेवरून घसरावं तसं. घसरून माझ्याच तळहातात गेलं. रक्ताने सगळं निसरडं झालं.

टिक.

माझी दोन्ही बोटं मोडली. ती तिच्या गळ्याशी अडकून राहिली.

पुनमचा चेहरा निळा पडत होता. आणि तिच्या पोटात काहीतरी जोराने लाथा मारत होतं. मला ते कपड्यावरून दिसत होतं.

मग लाथा कमी झाल्या.

मी दुसऱ्या हाताने खाली चाचपत गेलो. प्लास्टिकची टोपी लागली. ओरबाडून काढली. खाली बेल्ट एकावर एक जोडलेला होता. शिवलेला.

बोटाला गाठी लागल्या. ओळखीच्या.

एक. दोन. तीन.

माझी सही.

मी कटरचं टोक पहिल्या फुलीत घातलं. दोरा तुटला. बेल्ट तुटत नव्हता... पण माझा दोरा तुटला.

"मी शिवलं, माय," मी ओरडलो. कुणाला, ते मला माहीत नव्हतं. "मीच उसवतो! हिला सोड!"

दुसरी फुली. तिसरी. मग उरलेले टाके, एकेक.

शेवटचा टाका निघाला आणि बेल्ट सुटला.

त्याच वेळी गाडीत कुणीतरी लांब श्वास घेतला. तो पुनमचा नव्हता. पुनमला श्वास यायला अजून वेळ होता.

ती वाचली. बाळही वाचलं. मुलगी झाली. माझी ती दोन बोटं आता वाकत नाहीत.

तो बेल्ट मी कधी शिवला, ते मला दवाखान्यात आठवलं. दहा-बारा वर्षं झाली असतील. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा एक दलाल दोन तुकडे घेऊन आला होता. अपघातात आतल्या माणसाला काढायला, रस्त्याकडेच्या कांद्याच्या शेतातल्या विळ्याने तिरपा कापलेला बेल्ट. वाळलेलं रक्त. आणि कांद्याचा वास.

"आत कोण होतं?" मी विचारलं होतं.

"पोटुशी बाई."

"वाचली का?"

तो हसला. "सही करता येत नाही तुला आणि चौकशा करतो? शिव मुकाट्याने."

मला ते लागलं. त्या रागात मी उस्तादांचा शब्द मोडला. असा टाका घातला की गाडी तुटेल, टाका तुटणार नाही. खाली तीन फुल्या घातल्या. ही बघ माझी सही.

त्यानंतर तो बेल्ट किती गाड्यांत फिरला, किती माणसं त्याने बांधली, मला माहीत नाही. नासीरलाही माहीत नाही. त्याला विचारलं तर म्हणतो, "नाना, वहीत गाड्या असतात, माणसं नसतात."

दोन्ही तुकडे मी गिरणेच्या पुलावरून टाकले.

तरी कधी कधी भर दुपारी दुकानात कांद्याचा वास येतो. भागाबाई म्हणते, शेजारी भजी तळत असतील. शेजारचं दुकान दीड वर्षापासून बंद आहे.

नात आता बोलायला लागली आहे. तिने दुपट्यात कधी गुंडाळू दिलं नाही. अंगावर पट्टा आला की श्वास कोंडून ताठ होते.

आणि खरी गोष्ट आता सांगतो. तो दलाल पुन्हा आला होता. पुढची दोन वर्षं येत राहिला. एकदा शिवल्यावर नाही म्हणता आलं नाही. किती बेल्ट शिवले, मला आठवत नाही. तेव्हा मला लिहिता येत नव्हतं.

आता येतं, म्हणून हे लिहिलं.

तुमची गाडी जुनी असेल, बेल्ट भंगारातला असेल, तर खालची टोपी काढून बघा. लाल दोरा दिसला तर त्या सीटवर कुणाला बसवू नका.

आणि बेल्ट कापायला जाऊ नका. तो कापला जाणार नाही.

फुल्या उसवा.