सहा वाजेपर्यंत गप्प

दोन्ही हातांत जेवणाच्या डब्यांची चळत, म्हणून दार पाठीने ढकलत ती हॉलमधून उलटी बाहेर आली आणि पायरीवर आडव्या पडलेल्या माणसाला अडखळली. डबे खणखणले. माणूस काही हलला नाही.

"अहो, पायरीवर कोणी झोपतं का? आणि झोपायचंच तर जरा कडेला झोपावं, माणसं ये-जा करतात, गरम डबे असतात. लागलं का तुम्हाला? लागलं असेल तर सांगा, मी दाताच्या दवाखान्यात काम करते, म्हणजे दात सोडून बाकी काही मला कळत नाही, पण बर्फ देऊ शकते."

"मोजतोय," तो म्हणाला.

"काय, पायऱ्या? पाच आहेत. मला विचारायचं ना!"

"उंची," तो म्हणाला, आणि टेप गुंडाळत उठून बसला. केसांत धूळ, कानावर पेन्सिल, आणि डोळे असे की बघत असले की बघतच राहतात. तिला पुढचं वाक्य सुचायला चक्क दोन क्षण लागले. असं तिच्या बाबतीत सहसा होत नसे.

तिला चर्चची अख्खी मंडळी 'रेडिओ' म्हणायची. दवाखान्याच्या काउंटरवर बसून ती घाबरलेल्या पेशंटशी इतकं बोलायची की दात कधी निघाला ते त्याला घरी गेल्यावर कळायचं. आई गेल्यानंतर मावशीने तिला सांभाळलं. त्या घरात संध्याकाळी जी शांतता पसरायची तिची तिला भीती वाटायची, म्हणून ती बोलायला लागली, ती आजतागायत थांबली नव्हती. दर बुधवारी दुपारची सुट्टी घेऊन ती चर्चच्या हॉलमध्ये येई. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना मंडळी तिथे गरम जेवण वाढत, आणि जेवणापेक्षा तिच्या गप्पांवरच काही जण जास्त ताव मारत.

घड्याळवाले आजोबा त्यातलेच एक. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता पाय गेले, चाकाची खुर्ची आली. चार जण त्यांना खुर्चीसकट उचलून पाच पायऱ्या चढवत. एका बुधवारी ते वर आल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळेपासून मी येत नाही. मी माणूस आहे, कपाट नव्हे." आणि खरंच आले नाहीत. तेव्हापासून त्यांचा डबा घरी जाऊ लागला. एकट्याने जेवायचा तो डबा अर्धा तसाच परत यायचा. मग पाळकांनी रविवारी उपासना संपल्यावर जाहीर केलं: काही होवो, पायऱ्यांशेजारी रॅम्प बांधायचा.

त्यासाठी आलेला हा सुतार.

मजुरी मंडळीतल्या लोकांनी शनिवारी येऊन फुकट करायची, सुताराने फक्त नेटकं करून घ्यायचं, असं ठरलं. पण पहिल्याच शनिवारी त्याने स्वतःची मजुरीही घेणार नाही म्हणून सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ती खिळे देण्याच्या कामावर होती. म्हणजे खिळ्याबरोबर बातम्या, विनोद, दवाखान्यातले किस्से असं सगळंच देत होती. तो "हं" म्हणायचा.

"तुमच्याकडे दुसरा शब्द नाही का हो?"

"आहे."

"मग काढा की बाहेर! जपून कुणासाठी ठेवलाय?"

तो रंधा मारायचा थांबला. तिच्याकडे पाहिलं. "बघू," म्हणाला. तिच्या हातातले सगळे खिळे गवतात सांडले, आणि ते वेचताना तिने हवामानावर एक लांबलचक भाषण केलं.

दोन शनिवार असे गेले. सांगाडा उभा राहिला, वरच्या फळ्यांना पैसे मात्र पुरेनात. वर्गणीच्या बैठकीत केक विकावेत, जुने कपडे विकावेत असं चाललं होतं. तेवढ्यात मंडळीतला लाकडाचा वखारवाला म्हणाला, "हिला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा गप्प बसवून दाखवा, फळ्या माझ्यातर्फे!"

हॉल हसून कोसळला. पण मावशी उठली. तिच्या हातात वही होती. "लिहून घेऊ? अजून कोण?"

बघता बघता पानं भरली. डेंटिस्टने कठड्याचा खर्च घेतला, बेकरीवालीने मजुरांचं जेवण. एकच अट: पूर्ण दहा तास. एक शब्द निघाला की सगळ्यांची आश्वासनं रद्द. मावशी पंच झाली आणि तिने नियम केले. "लिहायचं नाही. खुणा नाहीत. मान हलवणंसुद्धा नाही, हिची मान हिच्या जिभेहून जास्त बोलते."

"त्यात काय मोठंसं!" ती म्हणाली, आणि ते किती सोपं आहे हे पाऊण तास समजावून सांगितलं.

शनिवारी आठच्या ठोक्याला तिने तोंड मिटलं. घड्याळवाले आजोबा वेळ मोजायला हट्टाने आले होते, पायऱ्यांखाली खुर्ची लावून, मांडीवर तीन घड्याळं. एकावर विश्वास ठेवायचा नसतो, म्हणे. पहिला तास मजेत गेला. दुसऱ्या तासाला तिला जीभ नको तितकी मोठी वाटायला लागली. ती झाडू मारू लागली, ठेवून दिला, खिळे आकारवार लावले, विस्कटले, पुन्हा लावले. येणारा-जाणारा मुद्दाम विचारायचा, "काय गं, कशी आहेस?" आणि हसत पुढे जायचा. ती हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून शाळेतल्या पोरीसारखी बसली, तर मावशी ओरडली, "खूण! ही खूण झाली! बोट खाली!"

तीनच्या सुमारास बाकी सगळे चहाला आत गेले. सुतार मात्र तिच्याशेजारी येऊन सांगाड्याच्या तुळईवर बसला. हातातली पेन्सिल उगाच फिरवत राहिला.

"मला बोलायचं होतं," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले. पण... मधे शिरायला फटच मिळेना."

तिने श्वास रोखला.

"प्रदर्शनांचे स्टॉल उभारतो मी. या गावातून त्या गावात. ठेकेदार आज साडेपाचला गाडी घेऊन येतोय, आणि पुढचे आठ महिने फिरती. दहा वर्षं हेच करतोय. एका जागी महिना झाला की माझे पाय शिवशिवायला लागतात. या वेळी... नाही शिवशिवत."

आयुष्यात एका दमात तो इतकं पहिल्यांदाच बोलला असावा. कपाळावर घाम आला होता.

"कोपऱ्यावरचे फर्निचरवाले काका थकलेत. दुकानात ये म्हणतात. मी अजून हो म्हटलेलं नाही. रॅम्पचं म्हणशील तर फळ्या ठोकायला कोणीही चालेल. मी माझ्यासाठी विचारतोय. मी थांबलो तर तुला..." तो अडखळला. तिला तो पहिल्यांदाच 'तू' म्हणत होता. "तू सगळ्यांशीच हसून बोलतेस गं. त्यातलं माझ्या वाटणीचं वेगळं काही आहे का, ते मला कळत नाही. आज बोलता येत नाही, माहीत आहे. नुसतं बघ माझ्याकडे. मला कळेल."

आणि तिथेच घात झाला. कारण शब्द तिच्या दातांपर्यंत आला होता. त्याच्याकडे एकदा जरी पाहिलं असतं तरी तो बाहेर पडला असता, आणि फळ्या, कठडा, आजोबांचा बुधवार, सगळं गेलं असतं. तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

पेन्सिल तुळईवर ठेवल्याचा आवाज आला.

"बरं," तो म्हणाला. "कळलं." आणि उठून गेला.

नाही! काही कळलेलं नाही तुला, शहाण्या! ती आतल्या आत किंचाळली. उठली, बसली, परत उठली. तो पलीकडे हत्यारं पुसून पिशवीत भरत होता. ती दोनदा त्याच्यामागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही वेळा शब्द घशाशी येताच पळून आली. चहाहून परतलेल्या बायका तिच्याकडे बघत होत्या. तिने अंगणाला एक फेरी मारली, मग दुसरी, मग मोजणं सोडून दिलं. इतकी वर्षं ती बोलत होती, आणि जे सांगायचं ते तेवढं कधीच सांगितलं नव्हतं. बोलण्याच्या आडोशाला ती मजेत लपून बसली होती. आज आडोसा गेला, तर तिला उघड्यावर एक पाऊल टाकता येईना.

"ए पोरी," आजोबांनी हाक मारली. ती जवळ गेली. म्हाताऱ्याने सगळं पाहिलं होतं. लक्ष घड्याळांवर असलं तरी डोळे शाबूत होते. "बोलून टाक. रॅम्प काय, पुढच्या वर्षी होईल. नाहीतर चौघं आहेतच, मी कपाट व्हायला तयार आहे."

आजोबा हसले. हसताना त्यांचे हात मात्र खुर्चीच्या चाकांवर घट्ट आवळलेले होते. ते पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आता तर बोलणं शक्यच नव्हतं.

बरोबर साडेपाचला फाटकाशी गाडी थांबली. ठेकेदाराने हॉर्न वाजवला. सुताराने पिशवी खांद्याला लावली, पाळकांना नमस्कार केला, आजोबांचा हात हातात घेतला आणि तिच्याकडे न बघता निघाला.

ती धावली. अंगणभर माणसं, मावशी, पाळक, बेकरीवाली, वखारवाला, सगळ्यांच्या देखत तिने त्याला फाटकाशी गाठलं आणि त्याचा हात धरला. दोन्ही हातांनी.

"अगं बाई!" कोणीतरी म्हणालं.

"अर्धा तास राहिलाय, तोंड उघडू नकोस!" मावशी कळवळून ओरडली. मग वहीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "हात धरणं नियमात कुठे लिहिलेलं नाही."

सुतार तिच्या हातांकडे बघत राहिला.

"चल रे," ठेकेदार म्हणाला. "काय म्हणणं आहे हिचं?"

"माहीत नाही," सुतार म्हणाला. "सहा वाजता सांगेल."

"मला थांबायला वेळ नाही. अंधाराच्या आत पोचायचंय. पाच मिनिटं देतो. येणार की नाही?"

तिची पकड घट्ट झाली, पण तिला जरा वाईटही वाटलं. काय मागतेय मी याच्याकडे? एका न बोललेल्या वाक्यावर इतकी वर्षं जमवलेलं काम सोड म्हणतेय. त्याने जायचं ठरवलं असतं तर तिने हात सोडला असता. बोटं सैल करून तिने त्याला तेवढी मोकळीक दिलीसुद्धा.

त्याने पिशवी जमिनीवर ठेवली. "तुम्ही निघा," तो ठेकेदाराला म्हणाला. "मी ऐकून घेतो."

गाडी गेली. धूळ बसली. आणि उरलेली वीस-पंचवीस मिनिटं ती दोघं फाटकाशी नुसती उभी राहिली. तो काही विचारत नव्हता आणि हात सोडत नव्हता. तिचं मन एका जागी ठरेना. काय म्हणू? आधी भिंतीचं समजावून सांगू, की खिळ्यांचं, की रात्र रात्र झोप लागत नाही त्याचं? तिने मनात शंभर वाक्यं रचली आणि शंभर पुसली. बायकांनी भांडी घासायचं सोडून दिलं होतं. वखारवाला नखं खात होता.

"सहा!" आजोबा ओरडले. "तिन्ही घड्याळांत सहा!"

पाळकांनी घंटा बडवली. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. आजोबांनी तर हातातलं घड्याळच उडवलं. "बोल गं रेडिओ! बोल!" आणि मग एकाएकी सगळे चिडीचूप. दहा तासांचं तुंबलेलं आता बाहेर पडणार, म्हणून जो तो कान टवकारून उभा.

तिने तोंड उघडलं. आवाज कोरडा पडला होता, अर्धा फुटला.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

तेवढंच. पुढे काही येईना.

"अगं, गाडी जाऊन अर्धा तास झाला!" वखारवाला म्हणाला, आणि अंगण हसलं. ती लाजून लाल झाली. तो हसला नाही. त्याने मान थोडी खाली झुकवली, तिचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून.

"परत म्हण," तो म्हणाला.

लहानपणापासून घरी, शाळेत, दवाखान्यात, उपासनेत, ज्याने त्याने तिला एकच सांगितलं होतं: पुरे आता. परत म्हण, असं तिला आजवर कोणीही म्हटलं नव्हतं.

तिने परत म्हटलं.